हिशेब खात्यातला गवई

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा माझ्यापुढे दोन विषय ठेवले होते. एक, सोसायटीचे जुने हिशेब आणि कन्व्हेयन्सची हकीकत. दुसरा, एखाद्या आवडत्या व्यक्तीचे चरित्र. पहिल्या विषयावर मी दर वार्षिक सभेत इतके बोललो आहे की मी उभा राहिलो की मागच्या रांगेतले सभासद चहा कुठवर आला ते बघायला उठतात. म्हणून दुसरा विषय घेतला. पण हिशेब काही सुटला नाही! कारण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते जगात गवई म्हणून प्रसिद्ध असले, तरी आयुष्यातली वीसहून अधिक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत होते. त्यांचे नाव पंडित वसंतराव देशपांडे.

आपल्या सोसायटीत एमआयडीसीमुळे आणि तारापूरच्या अणुशक्ती केंद्रामुळे कुठकुठली माणसे येऊन राहिली आहेत. खानदेशातली आहेत, कोकणातली आहेत, आमच्यासारखी इथलीच पालघरची आहेत आणि विदर्भातलीही आहेत. विदर्भातल्या मंडळींना वसंतराव कोण हे सांगायला नको. तरुण मंडळींना मात्र ते राहुल देशपांडे यांचे आजोबा म्हणून ठाऊक असतात. त्यात वाईट काही नाही. पण आजोबांची गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे, आणि त्या गोष्टीत आणखी एक गोष्ट आहे. एका गायकाचे गाणे लहानपणी कानावर पडले आणि ते दुसऱ्या गायकाच्या गळ्यात आयुष्यभर कसे राहिले, ती ही गोष्ट.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. बालपण मात्र नागपुरात गेले. आईने त्यांना तिथे वाढवले. घरची श्रीमंती नव्हती, पण मुलाचा गळा चांगला आहे हे लवकर लक्षात आले. नागपुरात शंकरराव सप्रे हे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले शिक्षक गाणे शिकवत. त्यांच्याकडे वसंतरावांचे पहिले शिक्षण झाले. त्याच सप्रे गुरुजींकडे राम चितळकर नावाचा आणखी एक मुलगा शिकत होता. हाच पुढे संगीतकार सी. रामचंद्र झाला. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

भालजी पेंढारकरांनी या मुलाला हेरले आणि ‘कालियामर्दन’ या चित्रपटात कृष्णाची भूमिका दिली. चित्रपट १९३५ सालचा. बोलपट नुकते सुरू झाले होते. ज्याला गाता येते तोच नट, अशी तेव्हाची रीत. आजच्या भाषेत सांगायचे तर वसंतराव बालकलाकार होते. आता एखाद्या मुलाला टीव्हीवर एकदा संधी मिळाली की आईवडील नोकरी सोडून त्याच्यामागे धावतात. वसंतरावांचे तसे काही झाले नाही. कृष्ण पडद्यावरून खाली उतरला आणि पुन्हा नागपूरच्या गल्लीत आला.

आता दुसऱ्या गायकाकडे वळू. मास्टर दीनानाथ मंगेशकर. आज लतादीदी, आशाताई, हृदयनाथ यांचे वडील म्हणून त्यांची ओळख सांगावी लागते, पण त्या काळी हे एकटे नाव पुरेसे होते. दीनानाथांचा जन्म १९०० सालच्या डिसेंबरात गोव्यातल्या मंगेशीचा. लहान वयात किर्लोस्कर कंपनीत गेले आणि १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढली. आधी स्त्री भूमिका केल्या. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधली त्यांची लतिका गाजली. पुढे पुरुष भूमिका केल्या, आणि ‘मानापमान’मधला त्यांचा धैर्यधर तर जुने लोक शेवटपर्यंत विसरले नाहीत. सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ही त्यांच्याच कंपनीने रंगभूमीवर आणले.

त्या काळी महाराष्ट्र बालगंधर्वांच्या गाण्यावर लुब्ध होता. माझे वडील केळवे-माहीमच्या बाजूला शाळामास्तर होते. त्यांच्यासाठी गाणे म्हणजे बालगंधर्व आणि बाकी सगळे म्हणजे आवाज! बालगंधर्वांचे गाणे गोड, शब्द कुरवाळत जाणारे. दीनानाथांचे गाणे अगदी वेगळे. आवाज धारदार, तार सप्तकात सहज जाणारा. तान विजेसारखी येई आणि कुठून निघाली, कुठे उतरली हे कळायच्या आत संपलेली असे. पंजाबी ढंगाच्या हरकती, सहसा कोणी न गायलेले राग, आणि ठरलेली चाल मोडून तिथल्या तिथे नवी वाट काढायचे धाडस. ‘मानापमान’च्या पदांच्या चाली आधीपासून लोकांच्या तोंडी होत्या. तीच पदे दीनानाथ आपल्या ढंगाने गात आणि लोकांना ती नवीन वाटत. असे गाणे काहींना पटत नसे. ते म्हणत, हे गाणे आहे की तलवारबाजी? पण ज्यांना आवडे त्यांना मग दुसरे काही आवडत नसे.

वसंतरावांना ते आवडले. लहान वयात त्यांच्या कानावर दीनानाथांचे गाणे पडले आणि त्याची मोहिनी पुढे कधी उतरली नाही. गाण्यात शिकवणारा तो गुरू, असे आपण मानतो. वसंतरावांनी पुढे किती गुरू केले ते सांगणारच आहे. पण ज्यांच्या समोर बसून त्यांनी वर्षानुवर्षे रीतसर तालीम घेतली नाही, त्या दीनानाथांचाच ठसा त्यांच्या गाण्यावर सर्वांत खोल उमटला, हे सगळे जाणकार मान्य करतात.

तरुणपणी वसंतराव लाहोरला मामांकडे गेले. तेव्हाचे लाहोर म्हणजे उत्तरेतल्या गाण्याचे मोठे ठाणे. तिथे त्यांना असद अली खाँ हे उस्ताद भेटले. त्यांनी या मराठी मुलाला एकच राग शिकवला, मारवा. मारवा हा संध्याकाळचा राग. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, आणि षड्जावर म्हणजे ‘सा’वर टेकायचे तर जपून टेकायचे. गाणाऱ्याला घर दिसत असते पण घरात शिरता येत नाही, असे काहीसे ते काम आहे. खाँसाहेबांनी महिनोन्‌महिने तोच राग घोटून घेतला. दुसरा एखादा शिष्य कंटाळून निघून गेला असता. पण एक राग नीट समजला की बाकीच्या रागांकडे कसे बघायचे हे कळते, हा धडा वसंतरावांनी तिथे घेतला. त्यांनी गायलेला मारवा पुढे इतका नावाजला गेला की आजही मारवा म्हटले की जुन्या रसिकांना आधी तेच आठवतात.

त्यानंतर वसंतराव पुण्यास आले. पोट भरायचे तर नोकरी हवी. दुसरे महायुद्ध सुरू होते, लष्कराच्या हिशेब खात्यात भरती चालू होती. त्यांनी ती नोकरी धरली. याच सुमारास, २४ एप्रिल १९४२ रोजी, पुण्यातच दीनानाथ गेले. वय अवघे ४१. बोलपटांनी नाटक कंपन्यांची कंबर मोडली होती. दीनानाथांनीही १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढून पाहिला होता, पण कंपनी सावरली नाही. शेवटची वर्षे ओढगस्तीची गेली. ज्याचे गाणे मनात बसले होते तो माणूस गेला तेव्हा वसंतरावांना बावीसावे वर्ष सरत होते आणि समोर होते टेबल, खतावण्या आणि सैनिकांच्या पगाराची बिले.

इथे मी जरा थांबतो, कारण या टेबलाची मला चांगली ओळख आहे. मी १९७३ साली बँकेत कारकून म्हणून लागलो. हिशेबाचे काम बाहेरच्याला सोपे वाटते. आकडे मांडायचे, बेरीज करायची, घरी जायचे. पण ज्याने केले त्याला विचारा! दिवसभर आकड्यांत डोके घातल्यावर संध्याकाळी डोक्यात काही शिल्लक राहत नाही. घरी आल्यावर चहा प्यावा आणि पडावे असे वाटते. वसंतरावांनी हे काम वीसहून अधिक वर्षे केले आणि तेवढी सगळी वर्षे संध्याकाळी, रात्री, पहाटे ते गात राहिले, शिकत राहिले.

पुण्यात सुरेशबाबू माने होते. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे चिरंजीव, हिराबाई बडोदेकरांचे बंधू. सुरांचा अत्यंत हळवा माणूस. त्यांच्याकडे वसंतराव शिकले. मुंबईला भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ होते, अंजनीबाई मालपेकर होत्या. त्यांच्याकडूनही घेतले. किराण्याचा शांत सूर, भेंडीबाजारची सरगम, लाहोरचा मारवा, नागपूरची पलुस्कर परंपरा, हे सगळे एका गळ्यात जमा होत होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ठेवी चार ठिकाणच्या आणि खाते एक. पण या सगळ्या ठेवी ज्या धाडसाने वापरायच्या ते धाडस दीनानाथांचे होते.

म्हणूनच वसंतरावांना घराण्याचे लेबल लावता येईना. गाण्याच्या दुनियेत हे त्या काळी मोठे अडचणीचे होते. तुमचे घराणे कोणते, हा पहिला प्रश्न असे. एका गुरूकडे बारा वर्षे राहिलेला, त्याच्यासारखे हुबेहूब गाणारा, तो खरा गवई. वसंतराव रागात शिरले की पुढच्या क्षणी कुठे जातील हे साथीदारांनाही कळत नसे. काहींना यात प्रतिभा दिसे, काहींना पोरकटपणा. त्यात हा माणूस नोकरदार. दिवसा ऑफिसात बसणारा गवई म्हणजे हौशी, असा समज. म्हणून मित्रांच्या बैठकीत ज्यांच्या गाण्यावर लोक जीव टाकत, त्यांना मोठ्या व्यासपीठावर पोचायला फार वर्षे लागली. पु. ल. देशपांडे हे त्यांचे जिवलग मित्र. त्यांना वसंतराव काय चीज आहे ते पहिल्यापासून ठाऊक होते. भीमसेन जोशी, बेगम अख्तर यांच्यासारख्या थोर गायकांचाही स्नेह होता. पण मित्रांना माहीत असणे वेगळे आणि जगाला माहीत असणे वेगळे.

मग बदली आली. सरकारी नोकरीत बदली कोणाला चुकते? वसंतरावांना थेट ईशान्य सीमेवर, तेव्हाच्या नेफात जावे लागले. आजच्या अरुणाचल प्रदेशात. कुठे पुण्याच्या बैठकी आणि कुठे ते डोंगर! आमच्या बँकेत जव्हारला बदली झाली तर लोक महिनाभर घरात सुतक पाळत, तिथे नेफाची काय कथा. शेवटी १९६५ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ गाण्याकडे वळले. तेव्हा वय पंचेचाळीसच्या आसपास. घरसंसार होता. पगार, हक्काची रजा, सगळे सोडायचे आणि उद्या कोणी गायला बोलावील या भरवशावर राहायचे. नोकरदार वाचकांना यातली धाकधूक सांगायला नको.

आणि मग ‘कट्यार काळजात घुसली’ आले. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे लेखन आणि दिग्दर्शन, प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा ही संस्था, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. पहिला प्रयोग डिसेंबर १९६७ मध्ये झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये बालगंधर्व गेले होते. संगीत नाटकाचा काळ आता संपला असे सगळे म्हणत असताना हे नाटक उभे राहिले आणि धो धो चालले. वसंतरावांनी त्यात खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले उभे केले. भार्गवराम आचरेकर पंडितजी, प्रसाद सावकार सदाशिव, फैय्याज झरीना. एकेक नाव ऐकूनच जुन्या लोकांचे डोळे चमकतील.

यात एक योग असा की अभिषेकीही मंगेशीचेच, म्हणजे दीनानाथांच्याच गावचे. मंगेशीच्या एका गायकाचे गाणे मनात धरून बसलेल्या माणसाला त्याचे नाव घरोघरी नेणाऱ्या चाली मिळाल्या त्या मंगेशीच्याच दुसऱ्या गायकाकडून. अभिषेकींनी चाली बांधताना समोर कोणता गळा आहे हे ओळखले होते. खाँसाहेबांच्या तोंडी त्यांनी जे गाणे दिले, ते वसंतरावांसाठीच होते.

नाटकाची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. राजगायकाच्या मानाची कट्यार, तिच्यासाठी दोन गायकांतली ईर्षा, आणि ज्याला ते गाणे हवे आहे असा एक तरुण सदाशिव. खाँसाहेब त्याला शिकवायला तयार नाहीत. तो हवेलीत लपूनछपून त्यांचे गाणे ऐकतो आणि आत्मसात करतो. मला नेहमी वाटते, वसंतराव रंगमंचावर खाँसाहेब होते, पण आयुष्यात ते सदाशिवच होते. दीनानाथांचे गाणे त्यांनी असेच दुरून उचलले आणि जन्मभर सांभाळले.

हे नाटक मी पहिल्यांदा पाहिले १९७२ साली, दादरच्या शिवाजी मंदिरात. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती आली २०१३ साली. आम्ही पालघरचे तीन मित्र शटलने विरार, तिथून लोकलने दादर असे गेलो. प्रयोग संपला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. शेवटच्या लोकलने विरारला आलो. पुढे गाडी पहाटेची. रात्रभर विरारच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसून राहिलो. डास फोडून खात होते, पण तिघांपैकी एकालाही झोप आली नाही. आमच्यातला एक तर खाँसाहेबांसारखा हात उडवून ताना घेत होता, शेवटी हमालाने दटावले तेव्हा गप्प बसला.

मी घरी येऊन वडिलांना सांगितले तर ते म्हणाले की ही सगळी दीनानाथांची नक्कल. मला राग आला. पण मी तोवर दीनानाथ ऐकलेच नव्हते, त्यामुळे भांडायला माझ्याकडे काही नव्हते.

पुढे बऱ्याच वर्षांनी आकाशवाणीवर एक जुनी तबकडी लागली. मी स्वयंपाकघरात होतो. ऐकून सौ.ला म्हटले की वसंतरावांची ही ध्वनिमुद्रिका फार जुनी दिसते, खरखर किती आहे. गाणे संपल्यावर निवेदिकेने नाव सांगितले, मास्टर दीनानाथ! मी चाटच पडलो. वडील तेव्हा हयात नव्हते. असते तर मी त्यांच्यापाशी हार कबूल केली असती, पण अर्धीच. कारण त्यानंतर मी दोघांची तीच ती पदे मिळवून शेजारी शेजारी ऐकली. दीनानाथांची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची. त्यात त्यांनी एवढ्याशा जागेत विजा चमकवल्या आहेत. वसंतराव त्याच पदाला हात घालतात तेव्हा सुरुवातीला ते दीनानाथांना नमस्कार करतात, त्यांची एखादी खास जागा जशीच्या तशी दाखवतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात वाट बदललेली असते. लाहोर येते, भेंडीबाजार येतो, सुरेशबाबूंचा एखादा हळवा सूर येतो. मधेच एक तान अशी येते की ती या जगात आधी कोणीच घेतलेली नसते.

नक्कल आणि संस्कार यांतला फरक मला तेव्हा कळला. बालगंधर्वांची नक्कल करणारे आमच्या पालघरातही दोघे-तिघे होते. तोच लडिवाळपणा, तोच शब्दाला दिलेला हेलकावा. बालगंधर्व वजा केले तर खाली शून्य उरे. वसंतरावांतून दीनानाथ वजा करून बघा. मोठी रक्कम जाईल हे खरे, पण शिल्लक भरपूर राहते. त्यांनी दीनानाथांचा आवाज घेतला नाही. त्यांनी निर्भयपणा घेतला. पुढचा सूर सापडेल की नाही याची खात्री नसताना उडी मारायची, ही ती गोष्ट. ती आवाजासारखी उसनी घेता येत नाही, स्वतःला मारावी लागते.

वसंतरावांनी हे ऋण कधी लपवले नाही. ते मैफलीत दीनानाथांची पदे आवर्जून गात. नाट्यसंगीत कसकसे बदलत गेले, कोणता गायक एखादी जागा कशी घेई, हे ते गाऊन आणि बोलून समजावत. श्रोत्यांना हसवत आणि शिकवतही. ज्यांनी दीनानाथांना पाहिले नव्हते अशा माझ्यासारख्या हजारो लोकांना त्यांनीच दीनानाथ ऐकवले. गेलेल्या गायकाचे नाव तिसऱ्या पिढीपर्यंत पोचवण्याचे काम वसंतरावांनी कोणी न सांगता केले.

‘कट्यार’नंतरची वर्षे त्यांच्या चीजाची. मैफली वाढल्या, ध्वनिमुद्रिका निघाल्या. यमनातला पंचम काढून होणारा राजकल्याण हा राग त्यांच्या नावाशी जोडला गेला. १९७९ साली आलेल्या राजदत्त यांच्या ‘अष्टविनायक’ चित्रपटात ते पडद्यावरही दिसले. मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापाचे त्यातले त्यांचे गाणे आपल्याकडे अजून लग्नात लागते आणि अजून लोक डोळे पुसतात. १९८२ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. ज्यांना हौशी म्हटले गेले होते त्यांच्यावर देशाच्या पातळीवर मोहोर उमटली.

त्याच १९८२ सालची माझी एक गोष्ट आहे. ती मी आजवर सौ.खेरीज कोणाला सांगितलेली नाही. जून महिन्याची अखेर होती. दादरला वसंतरावांची मैफल होती आणि मित्राने माझे तिकीट काढून ठेवले होते. नाटकात त्यांना तीन वेळा पाहिले होते, पण समोर बसून मैफल ऐकलेली नव्हती. तेव्हा बँकांत जूनअखेर अर्धवार्षिक क्लोजिंग असे. व्याज हाताने काढायचे, लेजर जुळवायची. दुपारी बॅलन्सिंगमध्ये फरक निघाला, सहा रुपयांचा. मी तो शोधत बसलो. साहेबांकडे जाऊन आज लवकर जाऊ का, उद्या शोधतो, असे विचारता आले असते. मी विचारले नाही. ऑफिसरची परीक्षा दिली होती, वाटले, साहेबांच्या मनात काही येईल. फरक रात्री साडेनऊला सापडला. सातच्या जागी एक वाचला होता. मित्राला म्हटले, पुढच्या वेळी जाऊ.

पुढची वेळ आली नाही. ३० जुलै १९८३ रोजी पुण्यात वसंतराव गेले. वय ६३. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला आणि बातमी दिसली. मी तोवर ऑफिसर झालो होतो.

मला वडिलांची पायपेटी होती. कॉलेजात असताना मी पेटी वाजवत असे, बरी वाजवत असे. नोकरी लागल्यावर रविवारी वाजवू लागलो, मग सणाला, मग बढतीनंतर डहाणू, तलासरी, जव्हार अशा बदल्या झाल्या आणि पेटी माळ्यावर गेली. नोकरीमुळे राहून गेले, असे मी सगळ्यांना सांगत असे, स्वतःलाही. वसंतरावांचे चरित्र नीट समजले तेव्हा हे सांगणे बंद करावे लागले. नोकरी त्यांनाही होती. माझ्यापेक्षा लांबची बदली त्यांना होती. माझा गळा नाही, माझी प्रतिभा नाही, हे सगळे कबूल. पण संध्याकाळ तर दोघांनाही सारखीच मिळाली होती.

निवृत्तीनंतर २०११ साली पेटी माळ्यावरून काढली. उंदरांनी भाता खाल्ला होता, चार सूर मुके झाले होते. मुंबईहून दुरुस्त करून आणली. आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये गणपतीत जी भजने होतात त्यांना गेली बारा-तेरा वर्षे मी साथ करतो. बोटे पहिल्यासारखी चालत नाहीत. मंडळी सांभाळून घेतात.

वसंतरावांचे पुढे काय झाले तेही सांगतो. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचे मोठे सभागृह उभे आहे. ज्या गावाने त्यांना लहानपणी गाताना ऐकले, तिथे आता त्यांच्या नावाच्या छपराखाली गाणी होतात. ‘कट्यार’वर २०१५ साली चित्रपट निघाला, त्यात खाँसाहेबांचे गाणे राहुल देशपांडे यांनी गायले. २०२२ साली वसंतरावांच्या आयुष्यावर ‘मी वसंतराव’ आला. त्यात नातवाने आजोबांची भूमिका केली, आणि त्यातल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दीनानाथांकडून वसंतरावांकडे आले ते असे पुढे गेले आहे. त्यातले किती दीनानाथांचे, किती वसंतरावांचे, किती राहुल यांचे, याचा ताळेबंद मी मांडणार नाही. हा एकच हिशेब असा आहे की तो जुळला नाही तरी चालतो.

आपल्या बी विंगमध्ये एक मुलगा आहे. एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि तबला वाजवतो. मागच्या वर्षी तो म्हणाला की आता सोडून द्यावे असे वाटते, शिफ्टमुळे रियाज होत नाही. मी त्याला उपदेश केला नाही, उपदेश करण्याचा माझा अधिकार तरी काय! फक्त वसंतरावांच्या मारव्याची ध्वनिमुद्रिका दिली आणि ते ऑफिसातून आल्यावर शिकत होते एवढे सांगितले. त्याची सकाळची शिफ्ट असेल त्या शनिवारी आता तो संध्याकाळी सहाला हॉलमध्ये तबला घेऊन येतो, मी पेटी घेऊन जातो. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. चटया हॉलमध्येच आहेत, डासांची अगरबत्ती मात्र येताना आणावी.